आईला तुमच्याशी बोलायचंय

शिरीष,

तुझ्या अंत्यसंस्काराच्या वेळी शवपेटीशेजारी जो फोटो ठेवला होता, तो नॉर्वेतल्या बर्गनचा होता. निवडला तुझ्या दादांनी. पुण्याहून आल्या आल्या त्यांनी तुझा अलीकडचा, चेहरा नीट दिसेल असा फोटो मागितला आणि आपल्या थोरल्या सानिकाने तिच्या फोनमधला तो काढून दिला. मूळ फोटोत आपण चौघं आहोत. फोटोवाल्याने आम्हा तिघींना कापून टाकलं, पण तन्वीचा हात तुझ्या खांद्यावर होता, तो काही त्याला काढता आला नाही. तो तसाच राहिला, मनगटापर्यंतचा, निळं नेलपॉलिश लावलेला. लंडनच्या हॅरोमधल्या मराठी मंडळातल्या बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, किती प्रसन्न हसलाय बघ. मी मान हलवत होते. तो फोटो काढल्यावर थोड्याच वेळात तू काय केलंस, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला आहे. तू किती उत्तम भूलतज्ज्ञ होतास, गणपतीत ढोल कसा वाजवायचास, नवीन आलेल्या डॉक्टरांना घर शोधून द्यायचास, हे सगळं खरं आहे आणि ते लिहायला बरेच जण तयार होतील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलास. घरातल्या भांडणातही तू हेच करायचास.

गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून सुरुवात करते. रविवार होता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहावीच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत बसले होते. तू आलास, समोरची खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "मीनल, मला एकटं राहायचंय." मला वाटलं, तू कुठे दोन दिवस डोंगरात चालायला निघाला आहेस. मी विचारलंसुद्धा, कधी जातोयस? मग तुझा चेहरा बघितला.

दुसरी कोणी बाई आहे का, हे मी विचारलं, कारण ते निदान समजलं असतं. तुला त्या प्रश्नाचा राग आला. कोणीच नाही म्हणालास. या घरात शिरलो की ड्युटीवर आल्यासारखं वाटतं, आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या उशाशी उभा आहे, आता कोणी नको. मी नाही म्हटलं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं, तू वरच्या खोलीत वेगळा राहा म्हटलं, वर्षभर भारतात जाऊन राहा, मुलींचं मी बघते, हेही म्हटलं. तू सगळं शांतपणे ऐकून घ्यायचास, पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकावं तसं. शेवटी वसंतात कधीतरी मी थकले. मी थकले, याचा अर्थ मला ते हवं होतं असा होत नाही. पण हे जाणणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातला तू गेलास.

नॉर्वेची सहल त्याआधीच ठरलेली होती. तन्वीला तिथले फ्योर्ड, उंच कड्यांमधून आत शिरलेले समुद्राचे फाटे, बघायचे होते. मला वाटत होतं की आता जाऊ नये. तू म्हणालास, मुलींचा हिरमोड कशाला, जाऊ आणि शेवटच्या दिवशी त्यांना सांगू. मी म्हटलं, घरी परत आल्यावर सांगू. तुझं उत्तर तयार होतं, की घरी सांगितलं तर त्यांना घर म्हटलं की तेच आठवेल. मला ते पटलं. तुझी अशी वाक्यं मला नेहमी पटायची. घर वाचवायचं, म्हणून नॉर्वे खर्ची घालायचं. आज तन्वी शाळेच्या भूगोलात स्कँडिनेव्हियाचं पान आलं तरी उलटून टाकते.

आणि तिथे तू किती छान वागलास. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. या घरात ज्याचा जीव कोंडत होता, तो माणूस त्या बर्फासारख्या पाण्यात मुलींबरोबर उड्या मारत होता. भाड्याच्या गाडीत मोठमोठ्याने गात होता. मी इथून नेलेल्या पोह्यांचे पोहे तू त्या लाकडी केबिनमध्ये केलेस, कढीपत्ता नाही म्हणून चुकचुकलास, आणि सानिका म्हणाली की बाबा, यू शुड डू धिस एव्हरी डे. मी भांडी पुसत तुमच्याकडे बघत होते. सहल अर्धी झाली तेव्हा मला वाटायला लागलं होतं की शेवटच्या दिवशी तू मला बाजूला घेशील आणि म्हणशील, राहू दे.

फेरीबोटीच्या डेकवर मीच तुला विचारलं. मुली खाली कॉफी आणायला गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना उभे कडे, वरून पडणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा, आणि मी विचारते आहे की अजून विचार बदलता येईल का. तू कठड्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवलास. म्हणालास, शेवटच्या दिवशी सांगायचं ठरलंय ना. मग आपण तिथेच काय सांगायचं ते ठरवलं. 'आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय.' हे वाक्य तुझं होतं. ते खोटं होतं, पण मुलींसाठी मी ते मान्य केलं. माझी अट एवढीच होती की सुरुवात तू करायची. तू हो म्हणालास. अगदी सहज.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. बॅगा हॉटेलमध्येच ठेवून आपण बाहेर पडलो. बर्गनमध्ये म्हणे बारा महिने पाऊस पडतो, पण त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि हॉटेलच्या काउंटरवरची बाई म्हणाली की असा दिवस वाया घालवू नका. तू ते फारच मनावर घेतलंस. आधी मासळीबाजार. मग बंदरावरची ती रंगीत लाकडी घरं, त्यांच्यामधल्या बोळांतून दोनदा फिरणं. मग लोकरीच्या स्वेटरचं दुकान, जिथे तू चार स्वेटर घालून पाहिलेस आणि एकही घेतला नाहीस. मग ते तपकिरी चीज. तन्वीने चव घेतली आणि म्हणाली, "हा चीज पेढ्यासारखी लागते." आपण सगळे हसलो. दुकानदारही हसला, त्याला काय कळलं कोण जाणे. प्रत्येक ठिकाणी मी तुझ्याकडे बघत होते आणि तू दुसरं काहीतरी बघत होतास.

शेवटी डोंगरावर जाणाऱ्या त्या छोट्या ट्रेनने आपण वर गेलो. सगळं शहर, बंदर, त्यापलीकडची बेटं, सगळं खाली दिसत होतं. तू एका बाईला आपला फोटो काढायला सांगितलंस. तिने आपल्याला थोडं डावीकडे सरकवलं. तन्वी तुझ्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. मग कॅफेबाहेरच्या लाकडी टेबलाशी बसून जॅम घातलेली वॅफल मागवली. मी पायाने तुझ्या पायाला हलकेच स्पर्श केला. आता.

तू घसा साफ केलास. म्हणालास, "मुलींनो, आईला तुमच्याशी बोलायचंय."

मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली बंदरातल्या जहाजांकडे बघत होतास. मी थांबले. मला वाटलं तू पुढे काही बोलशील. सानिका म्हणाली, काय झालं, आई? कोणी आजारी आहे का? दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग मी सांगितलं. आपल्या ठरलेल्या वाक्याने सुरुवात केली, पण 'आम्ही दोघांनी' हे शब्द एकटीने बोलायला किती विचित्र लागतात, ते तेव्हा कळलं. बाबा वेगळे राहणार, तुमच्यावरचं प्रेम तेच राहणार, शाळा-कॉलेज काही बदलणार नाही. मी वर्गात शिकवते तशी बोलत होते, सावकाश, मुद्देसूद.

तन्वीने विचारलं, "हे कोणाचा आयडिया आहे?"

 तिने तुझ्याकडे बघून पुन्हा विचारलं. तेव्हा तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. "आईला वाटतं की हे सगळ्यांसाठी बरं आहे."

शिरीष, हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की त्याचे शब्द आता सुटे सुटे झालेत. तू खोटं बोललास असंही कोणी म्हणू शकणार नाही, इतकं ते नेमकं होतं. वसंतात शेवटी मी तुला म्हटलंच होतं, की तुझा जीव इथे एवढा कोंडत असेल तर जा, सगळ्यांसाठी तेच बरं. माझ्या हरण्याचं वाक्य तू उचललंस आणि माझ्या मुलींसमोर तो माझा निर्णय म्हणून ठेवलंस. मी तेव्हाच, तिथेच, नाही म्हणायला हवं होतं असं आता सगळे म्हणतील. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब सूप पीत होतं. तन्वी तुझ्याकडे बघत होती. त्या क्षणी आई आणि बाबा एकमेकांना खोटं पाडताहेत हे तिला दाखवायचं मला जमलं नाही. तुला हे माहीत होतं. माझ्या गप्प राहण्यावर तुझा भरवसा होता.

तन्वी उठून चालायला लागली आणि तू तिच्यामागे गेलास. तुम्ही दोघं पायवाटेने खाली उतरलात. सानिका माझ्यासमोर बसून राहिली. रडली नाही. तिने तिचं वॅफल संपवलं, मग तन्वीचं उरलेलं खाल्लं. हॅरोचं घर विकणार का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हटलं. आम्ही ट्रेनने खाली आलो तेव्हा तुम्ही दोघं बंदराजवळच्या बाकावर होतात आणि तन्वीने तुझा हात धरला होता. पंधरा वर्षांची मुलगी, रस्त्यात बाबाच्या शेजारून चालायलासुद्धा लाजणारी. तिने माझ्याकडे वर बघितलं नाही. अजूनही नीटसं बघितलेलं नाही.

विमानात ती तुझ्याशेजारी बसली. गॅटविक विमानतळावर बॅगांच्या पट्ट्याजवळ मुली टॉयलेटला गेल्या तेव्हा मी तुला गाठलं. तू असं का म्हणालास, हे विचारलं. तू बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "तू खंबीर आहेस, मीनल. तुझ्यावर रागावल्या तरी तुझ्यापासून तुटणार नाहीत. माझ्यापासून तुटतील."

मी म्हटलं, म्हणून मी?

"मी सांगेन त्यांना. वेळ आली की मीच सांगेन. शब्द देतो."

तेवढ्यात आपली लाल बॅग आली आणि तू ती उचललीस. आपलं भांडण तिथे राहिलं आहे. पुढचे सगळे त्याच्यावरचे थर आहेत.

तू ईलिंगला फ्लॅट घेतलास. तन्वी शनिवार-रविवारी तुझ्याकडे. इथे ती भाडेकरूसारखी राहायची. ताट उचलायची, थँक यू म्हणायची, वर निघून जायची. मी भाजी वाढली तर पुरे. मी शाळेत सोडू का विचारलं तर बसने जाते. एकदा मी तिच्या दारावर टकटक केली, तर आतून म्हणाली, "तुला सगळ्यांसाठी काय बरं आहे ते माहीत असतं ना, मग विचारते कशाला?" मी तुला फोन करायचे. कधी सांगणार आहेस? दिवाळी होऊ दे, म्हणालास. मग ख्रिसमस होऊ दे. मग तिची परीक्षा होऊ दे. तुझा आवाज खरंच दुःखी असायचा. त्या आवाजामुळे मी प्रत्येक वेळी फोन ठेवून द्यायचे. माणसांना काही कळू न देता झोपवण्यात तुझा हातखंडा होता आणि जागेपणी कोणाला दुखवण्याचं काम मात्र तू आयुष्यभर दुसऱ्यांवर सोपवलंस. माझ्या आईचा कॅन्सर पसरलाय हे तुला आधी कळलं होतं, ते मला सांगितलं तुझ्या मित्राने. पण तिला बघायला माझ्याबरोबर नाशिकला सुट्टी टाकून तू आला होतास, तिच्या शेवटच्या दिवसांत तिला वेदना होऊ नयेत म्हणून तिथल्या डॉक्टरांशी भांडला होतास, तिचे पाय चेपत बसायचास. हेही मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

फेब्रुवारीत मी वर्गात असताना शाळेच्या ऑफिसमधली बाई दाराशी आली. तू सकाळी ऑपरेशन थिएटरला पोचला नाहीस. तू कधी उशीर करत नाहीस म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं. हॉस्पिटलच्या नोंदीत जवळची व्यक्ती म्हणून अजून माझंच नाव होतं. हृदय बंद पडलं होतं, झोपेतच. तुला काही कळलं नसेल, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं.

मृत्यूची नोंदणी करायला गेले तेव्हा तिथल्या बाईने विचारलं, तुमचं नातं काय? घटस्फोटाचा अर्ज दाखल होऊन वाट बघण्याचा काळ चालू होता. कायद्याने मी तुझी बायको होते. तिने टाइप केलं आणि स्पेलिंग तपासायला स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी तुझी विधवा आहे असं तिथे लिहिलं होतं. ज्याला मी नको होते त्याची विधवा. मी स्पेलिंग तपासलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.

पोस्टमॉर्टेममुळे तुझे अंत्यसंस्कार लांबले. तेरावा दिवस येऊन गेला तरी तू अजून शवागारातच होतास. सासूबाईंना विमानाचा प्रवास झेपणार नव्हता. दादा एकटे आले आणि आपल्याच घरी उतरले, तुझ्या अभ्यासाच्या खोलीत. भले गृहस्थ आहेत. अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी मी चहा करत होते, तेव्हा ते ओट्याजवळ येऊन उभे राहिले. थोडा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "मीनल, तुम्ही मनात काही ठेवू नका. आई आणि मी, आम्ही तुम्हाला दोष देत नाही. शिरीषने सांगितलं होतं आम्हाला. एखाद्याला वाटतं एकटं राहावं. तुम्हाला तसं वाटलं, त्यात गुन्हा काही नाही."

माझ्या हातात आल्याचा तुकडा होता. मी तो किसत राहिले. म्हणजे बर्गनला तुझी जीभ अडखळली नव्हती. तू पुण्यालाही तेच सांगितलं होतंस. माझ्याच टेबलावर मला ऐकवलेलं तुझं वाक्य तू माझ्या नावावर करून तुझ्या आईला पोचवलं होतंस. मी दादांना काय सांगणार होते? त्यांचा धाकटा भाऊ उद्या जळणार होता. मी त्यांना चहा दिला. त्यांना साखर कमी लागते, ते लक्षात ठेवून दिला.

त्या दिवशी मला तुझा तिरस्कार वाटला. अंत्यसंस्काराच्या वेळी मी रडले नाही, आणि बायकांनी त्याचाही अर्थ लावला असणार.

दादा परत गेले त्यानंतरचा रविवार. सानिका मँचेस्टरहून आलेली होती, अजून युनिव्हर्सिटीत परत गेली नव्हती. आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. मी तन्वीला म्हटलं, थोडा भात घे. तिने ताट बाजूला सारलं. ओरडली नाही. अगदी हळू बोलली.

"तू बाबाला घराबाहेर काढली नसती तर कोणीतरी अँब्युलन्स बोलावली असती."

हे येणार हे मला माहीत होतं. गेले कित्येक दिवस ते तिच्या तोंडावर दिसत होतं.  सांगितलं तर तिचा बाप तिच्याकडून काढून घेतला जातो, न सांगितलं तर तिच्या बापाचा मृत्यू माझ्या नावावर लागतो. तू मला कुठे आणून उभं केलंस ते बघ. आणि तू नाहीस.

मी सांगितलं. बाबाला जायचं होतं, मी नाही म्हटलं होतं. चार वाक्यांत संपलं.

तन्वी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो आता इथे नाहीये म्हणून तू असं बोलतेस."

 मी ताटं उचलायला उठले. तेव्हा सानिका बोलली. म्हणाली, "आई खरं बोलते आहे, तनू. बाबाने मला सांगितलं होतं."

नोव्हेंबरमध्ये तू तिला भेटायला मँचेस्टरला गेला होतास ना? ट्रॅमच्या स्टॉपवर, परत निघताना, तू तिला सगळं सांगितलंस. वेगळं व्हायचं तुला होतं, डोंगरावर तू भ्यायलास, आईने तुला सांभाळून घेतलं. तू रडलास म्हणे. आणि मग तिला सांगितलंस की तन्वीला एवढ्यात सांगू नकोस, ते मी करेन. एकोणीस वर्षांची मुलगी ते ओझं घेऊन हॉस्टेलवर गेली. मला फोन करायची तेव्हा तासन्‌तास अवांतर बोलायची आणि मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायला काही उरलेलं नाही. माफ कर, आई, असं ती मला म्हणाली. ती! तू तुझा शब्द पाळलास, शिरीष, पण अर्धा पाळलास, आणि उरलेला अर्धा पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन गेलास.

तन्वी वर निघून गेली. त्यानंतर तिने तुझं नाव घेणं बंद केलं. तुझा जुना टी-शर्ट घालून झोपायची, तोही धुवायला टाकला आणि परत नेला नाही. मला वाटलं होतं, सत्य कळलं की ती माझ्याकडे येईल. ती माझ्याकडे आली नाही. फक्त तुझ्याकडून गेली. मला हे हवं होतं असं मी इतके महिने समजत होते.

काल ईलिंगचा फ्लॅट रिकामा करायला गेलो, तिघी. मी तिथे पहिल्यांदाच आत गेले. दोन खुर्च्या, एक टेबल. तन्वीच्या खोलीतला पलंग तुझ्या पलंगापेक्षा चांगला. स्वयंपाकघरात मी कपाट उघडलं आणि समोर मिसळणाचा डबा. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, गोडा मसाला, माझ्याच डब्यातल्यासारखे त्याच क्रमाने. एकटं राहायला म्हणून गेलास आणि माझंच स्वयंपाकघर मांडून बसलास. मला दार लावून घ्यावं लागलं. जे रडू अंत्यसंस्काराच्या वेळी आलं नाही, ते तिथे आलं. तुझ्यासाठी आलं, की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

बाहेर आले तेव्हा तन्वी पुस्तकांच्या खोक्याला टेप लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा कावर्ड होता."

मी म्हणाले, "हो. त्या बाबतीत होता."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी जमिनीवर तिच्याशेजारी बसले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी तिला आपल्या इथल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगत होते. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली ती ओल आलेली खोली, तुझ्या लागोपाठच्या रात्रपाळ्या. मी झोपायला जायचे तेव्हा अंथरूण पायाशी नेहमी उबदार असायचं. मला वाटायचं, खालून हीटिंगचा पाइप जात असेल. बऱ्याच दिवसांनी एकदा पाय लांब केले तेव्हा गरम पाण्याची पिशवी लागली. ड्युटीवर निघण्याआधी तू रोज ती भरून ठेवत होतास.

"त्याने सांगितलं का नाही?" तन्वीने विचारलं.

"त्याला सांगता यायचं नाही."

"चांगलं असलं तरी?"

"चांगलं असलं तरी."

तिने हातातली टेप खाली ठेवली. सानिका दारात येऊन उभी राहिली होती. तन्वी म्हणाली, अजून सांग.

तुला मी माफ केलेलं नाही, शिरीष. कधी करेन असा शब्दही देत नाही. पण ती ऐकत होती, म्हणून मी सांगत राहिले.